उंचीचा खर्च कमी करणारा इंजिनिअर: फझलूर रहमान खान

शंभर युझरवर मस्त चालणारं अ‍ॅप लाखभर युझर आले की झोपतं. युझर वाढले तेवढाच खर्च वाढत नाही, तो त्याहून वेगाने पळतो. बिल्डिंगच्या उंचीचंही तसंच आहे. हा प्रश्न ज्यांनी सोडवला, ते फझलूर रहमान खान पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर, पण मला ते कायम आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांतलेच वाटतात.

जन्म १९२९ चा, ढाक्यातला. वडील गणिताचे शिक्षक. खान इंजिनिअरिंगसाठी कलकत्त्याशेजारी शिबपूरला गेले, पण १९५० च्या दंगलींमुळे परत यावं लागलं आणि डिग्री ढाक्यात पूर्ण झाली. १९५२ मध्ये स्कॉलरशिपवर अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात. तिथे तीन वर्षांत दोन मास्टर्स आणि एक पीएचडी! मग शिकागोची स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल ही फर्म. मधे ते पाकिस्तानात परतले, कराचीच्या विकास प्राधिकरणात मोठी पोस्टही मिळाली. पण तिथे फायली जास्त, डिझाइन कमी. खुर्ची सोडून ते पुन्हा शिकागोला गेले. आपल्याकडे अशी पोस्ट सोडली तर घरचे काय म्हणतील, विचार करा.

आता मूळ प्रॉब्लेम. उंच इमारतीला वजनापेक्षा जास्त त्रास वाऱ्याचा होतो, कारण तो आडवा ढकलतो. जुन्या पद्धतीत कॉलम-बीमचा सांगाडा आतभर पसरलेला असायचा. मजले वाढले की फक्त वाऱ्याला तोंड द्यायला ढीगभर जादा स्टील लागायचं.

एक कागद घ्या आणि कडेवर उभा करा. पडला ना? त्याचीच नळी करा, उभी राहील. कागद तोच, फक्त मधून काढून बाहेरच्या गोलावर नेला. खान यांनी नेमकं हेच केलं. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीत जवळजवळ कॉलम लावून अख्खी बिल्डिंगच एक पोकळ नळी बनवली. शिकागोची ४३ मजली डेविट-चेस्टनट ही त्यातली पहिली.

पुढे १०० मजल्यांचं जॉन हॅनकॉक सेंटर. बाहेरून भलेमोठे फुलीसारखे तिरके खांब, काही खिडक्यांसमोरून सरळ जाणारे. ते शोभेला नाहीत, वारा तेच झेलतात. एम्पायर स्टेटला दर चौरस मीटरला साधारण २०६ किलो स्टील लागलं होतं, इथे साधारण १४५.

पण एवढी उंच इमारत वाऱ्यात थोडी डुलणारच. ती पडणार नाही हे गणित सांगतं, पण आत राहणाऱ्याला गरगरेल का, हे कोण सांगणार? शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात वॉशिंग मशीनच्या एका प्रदर्शनात फिरणारा प्लॅटफॉर्म होता. खान यांनी त्यावर माणसं नेली आणि किती हललं की ते जाणवतं, हे तपासलं. आम्ही याला युझर टेस्टिंग म्हणतो आणि त्यासाठी भारी टूल्स विकत घेतो!

नंतरच्या सिअर्स टॉवरमध्ये (११० मजले, ४४२ मीटर) अशा नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्यात. रबरबँड लावलेल्या स्ट्रॉच्या जुडीसारख्या. काही नळ्या ५० व्या मजल्यावर संपतात, काही ६६ व्या, काही ९० व्या, दोनच टोकापर्यंत जातात. इमारतीचं रूप या हिशेबातूनच आलंय. आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम आणि खान यांनी हॅनकॉक आणि सिअर्स दोन्ही एकत्र बसून केलं. त्यामुळे आर्किटेक्चर घेऊ की सिव्हिल, असं कुणी विचारलं की मी आधी सिअर्सचा फोटो पाठवतो.

१९७१ मध्ये बांगलादेशात युद्ध पेटलं, तेव्हा खान यांनी शिकागोत तिथल्या लोकांसाठी मदतनिधी उभारायला संघटना काढली.

शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक तर उंच नव्हतंच. जेद्दाचं हज टर्मिनल म्हणजे वाळवंटातल्या यात्रेकरूंसाठी कापडी तंबूंचं प्रचंड छत. १९८२ मध्ये जेद्दातच हृदयविकाराने ते गेले, वय ५२. पुढच्याच वर्षी त्या टर्मिनलला आगा खान पुरस्कार मिळाला. बुर्ज खलिफाही त्यांच्याच फर्मने डिझाइन केला.