पाचवी मागणी : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

रविवारची सुट्टी कोणी मिळवून दिली, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हमखास विचारला जातो आणि आपल्यापैकी निम्म्याअधिक मुलांना त्याचे उत्तर पाठ असते : नारायण मेघाजी लोखंडे. उत्तर बरोबर आहे. पण लोखंडे यांनी १८८४ साली ज्या पाच मागण्या सरकारपुढे ठेवल्या, त्यांपैकी रविवारची सुट्टी ही केवळ एक होती. शेवटची, पाचवी मागणी कोणती हे कोणी विचारीत नाही. मलाही ती ठाऊक नव्हती. ती कळली तेव्हा शेणव्यातील आमच्या आळीतले एक काका डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांच्याविषयी पुढे सांगेन; आधी लोखंडे यांच्याविषयी.

लोखंडे हे आपल्या ठाण्याचे. मूळ घराणे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, जातीने माळी. पण पोटापाण्यासाठी कुटुंब ठाण्यास आले आणि तेथेच १८४८ साली नारायणरावांचा जन्म झाला. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ते हेच वर्ष. घरची गरिबी असूनही ठाण्यात मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण त्यांनी केले. माळ्याच्या मुलाने त्या काळी इतके शिकणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढे काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईत मांडवी येथील एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून लागले. गिरणगावात या जागेला स्टोअरकीपर म्हणत.

मुंबईच्या गिरण्यांचा धंदा तेव्हा भरात येत होता. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या गिरणीचा पाया घातला आणि पंचवीस वर्षांत शहराच्या उत्तरेला चिमण्यांचे रान उभे राहिले. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसे येत होती. विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. मोठ्या माणसांना आठवड्याची सुट्टी कायद्याने नव्हती. एखाद्या रविवारी साचे बंद राहिले तरी ते पुसण्यासाठी कामगाराला यावे लागेच.

गिरणीत अपघात कसे होत, हे आज बहुतेक गिरण्या बंद पडल्यावर जन्मलेल्या आपल्या पिढीला सांगावे लागेल. वाफेच्या एका मोठ्या इंजिनावर सारी गिरणी चालावयाची. इंजिनाची गती छताजवळून जाणाऱ्या लांब लोखंडी दांड्यांवर यायची आणि तेथून चामड्याच्या पट्ट्यांनी एकेका यंत्राला मिळायची. पट्टा निसटला की तो चालत्या दांड्यावर पुन्हा चढवावा लागे. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा बाईचे मोकळे केस त्यात सापडले की माणूस ओढला जाई. मागाचा धोटा उडून डोळ्यावर बसे. पोरे साच्याखाली शिरून कापसाचा केर काढीत आणि त्यांची बोटे दात्यांच्या चाकांत जात. दिवस कलू लागला, हातपाय जड झाले, डोळ्यांवर झापड आली की धोका आणखी वाढे. म्हणजे सुट्टी, जेवणाची वेळ आणि अपघात हे तीन वेगळे विषय नव्हतेच.

भांडारपालाच्या वहीत कोणत्या खात्याला किती तेल दिले, कोणता पट्टा तुटला, त्याच्या जागी कोणता गेला, याची नोंद होई. हा माझा तर्क आहे, पण करावासा वाटतो : त्याच पट्ट्याने कोणाचा हात गेला, याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नाही, हे वह्या लिहिणाऱ्या माणसाच्या फार लवकर ध्यानात आले असेल.

ही नोंद करण्यासाठी त्यांना दुसरी वही मिळाली. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झाला आणि लोखंडे लवकरच त्यात ओढले गेले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ पत्र पैशांअभावी अडचणीत आले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणले आणि मरेपर्यंत चालविले. शेतकरी आणि कामकरी यांची बाजू मांडणारे ते पत्र. इतर पत्रांतून गिरणीची बातमी यावयाची ती नफ्याची किंवा नव्या इंजिनाची. ‘दीनबंधु’त ती साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने येऊ लागली.

१८८१ साली हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी त्यासाठी आधीपासून खटपट केली होती. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि बारापर्यंतच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवू नये, इतकेच संरक्षण त्यात मुलांना होते. मोठ्यांच्या तासांविषयी अवाक्षर नव्हते. शंभराहून कमी माणसांचे कारखाने त्यातून सुटले. धोक्याच्या यंत्राला कठडा घालावा आणि अपघात झाल्यास सरकारी अधिकाऱ्यास कळवावे, अशी कलमे मात्र त्यात होती. आपल्याकडे कामावरच्या अपघाताची खबर कायद्याने मागितली जाऊ लागली ती येथून. पण खबर द्यायची मालकाने. आणि खबर दिल्यावर जखमी माणसाच्या चुलीचे काय, याविषयी फॅक्टरी कायदा गप्प होता.

१८८४ साली या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी मुंबई सरकारने आयोग नेमला. आयोग मालकांची साक्ष घेणार, व्यवस्थापकांची घेणार, डॉक्टरांची घेणार, हे उघड होते. कामगाराला बोलायला सांगितले तरी ज्याच्या हातात त्याची नोकरी त्याच्या देखत तो काय बोलणार? लोखंडे यांनी यावर साधा उपाय काढला. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ या दिवशी त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, मागण्या ठरवून घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाकडे धाडले. एकट्यादुकट्या साक्षीदाराला कामावरून काढता येते, साडेपाच हजारांना काढले तर गिरणीच बंद पडेल. याच सुमारास ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ उभी राहिली. तिला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, म्हणून तिला संघटना म्हणावे की नाही यावर विद्वानांत वाद आहेत. असोत. हिंदुस्थानातील कामगार चळवळीचा आरंभ तिच्यापासून धरला जातो.

मागण्या पाच होत्या. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी अशी की, कामावर असताना कामगाराला गंभीर इजा होऊन तो कामाला निकामी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. आणि तो जन्माचा पांगळा झाला, तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

चूक कोणाची होती, हा प्रश्न या मागणीत कोठेच येत नाही. कामावर लागले, एवढे पुरे. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला होता आणि जगात असा कायदा तो पहिलाच म्हणतात. इंग्लंडात १८८० पासून कायदा होता, पण तेथे कामगाराने मालकाची हयगय कोर्टात शाबीत करावी लागे. गोष्ट शाबीत करायची म्हणजे वकील आला, पैसा आला. लोखंडे यांनी जे मागितले ते इंग्लंडच्या कामगारालाही तेव्हा मिळत नव्हते. त्यांना रविवारचे जनक म्हणून आपण त्यांचे मोठेपण जरा कमीच केले आहे, असे मला वाटते.

आयोगाचा अहवाल आला आणि काही वर्षे काहीच घडले नाही. लोखंडे यांनी अर्ज आणि सभा चालूच ठेवल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामकरी बायकाही बोलल्या. १८९० साली! अखेर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नवा फॅक्टरी आयोग नेमला, त्याच्या कामात कामगारांच्या वतीने लोखंडे यांना घेतले गेले. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती पक्की केली, मुलांचे किमान वय नऊ केले आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. पाचवी मागणी तेवढी वगळली. सुट्टी दिली तर गिरणी एक दिवस थांबते. भरपाई दिली तर अपघाताची जोखीम मालकाच्या अंगावर येते. मालकांना यातले दुसरे अधिक जड वाटले असावे.

त्यांची बाकीची कामे थोडक्यात सांगतो, कारण ती इतरत्र सविस्तर वाचावयास मिळतात. विधवांचे केशवपन करणार नाही, असा ठराव त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक मंडळींनी केला. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला, तेव्हा सलोखा राखण्यासाठी ते वस्त्यांतून हिंडले. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर केले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. पहिले रोगी सापडले ते मांडवीतच, जेथील गिरणीत लोखंडे यांनी नोकरी केली होती. लोक शहर सोडून पळाले. लोखंडे राहिले, रोग्यांची सेवा करू लागले आणि त्यातच ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले अशाच गेल्या.

ते १८९७ साल मोठे विलक्षण. त्याच वर्षी इंग्लंडात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला : कारखाना, रेल्वे, खाण, दगडखाण येथे कामावर इजा झाली तर हयगय शाबीत न करताही भरपाई. आणि त्याच वर्षी आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२ माणसे मेली. पाठोपाठ बलुचिस्तानात खोस्तच्या कोळसा खाणीत ४७. खाणींसाठी पहिला तपासनीस सरकारने १८९४ साली नेमला होता, पण त्याच्या हाती कायदा नव्हता. या दोन अपघातांनंतर हालचाल झाली, १९०१ साली खाण कायदा आला आणि १९०२ च्या जानेवारीत खाण तपासणीचे कार्यालय उघडले. गिरणीसाठी जो नियम वीस वर्षांपूर्वी झाला होता, तो जमिनीखाली पोहोचायला शंभर माणसे लागली.

पाचव्या मागणीची पाळी आली ती १९२३ साली. मध्यवर्ती विधिमंडळात ना. म. जोशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत, त्या काळात कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो कारखान्यांना, रेल्वेला आणि खाणींना लागू झाला. निवेदन धाडल्याला तोवर चाळीस वर्षे होत आली होती. तरीही पहिले दहा दिवस वगळून साधारण अर्धा पगारच मिळे. लोखंडे यांनी पूर्ण मागितला होता.

आता आमचे काका. शेणव्याच्या आसपास, शहापूर-मुरबाडच्या बाजूस दगडखाणी आहेत, खडीचे क्रशर आहेत. काका अशाच एका खाणीवर होते. आदल्या दिवशीचा एक बार उडालाच नव्हता, हे कोणाला माहीत नव्हते. सकाळी तेथेच भोक पाडायला घेतले आणि तो उडाला. उजव्या हाताची तीन बोटे गेली, एका कानाने ऐकू येईनासे झाले. मालकाच्या माणसाने दवाखान्यात नेले, खर्चही केला, हे कबूल केले पाहिजे. वर थोडे रोख दिले. दुपारी खाण पुन्हा चालू.

सुरुंग लावून दगड काढणारी खाण ही १९५२ च्या कायद्याच्या दृष्टीनेही खाणच होती, हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हते. प्राणघातक किंवा गंभीर अपघाताची खबर मालकाने वा व्यवस्थापकाने द्यायची आणि तपासनीस येईपर्यंत, निदान तीन दिवस, अपघाताच्या जागेला हात लावायचा नाही, असा दंडक त्या कायद्याने घातला होता. कारण उघड आहे : कोणते भोक जुने, कोणते नवे, दोहोंत अंतर किती, हे जागा सांगते, माणूस सांगत नाही. १९७५ च्या डिसेंबरात धनबादजवळ चासनाळा खाणीत पाणी घुसून ३७५ कामगार बुडाले, तेव्हा चौकशी न्यायालय बसले आणि पाणी कोठून आले याचा छडा लागला. तीन बोटांसाठी न्यायालय बसावे असे कोणी म्हणणार नाही. तपासनीस तरी यावा.

सुट्टीत मी काकांना लोखंडे यांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि उठून पत्र्याच्या पेटीतून दवाखान्याचा कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नाही. इतकी वर्षे तो कागद आपला पुरावा म्हणून त्यांनी जपून ठेवला आहे. इजा कशी झाली या रकान्यात, घरी फटाका उडून, असे लिहिले होते. मी ते त्यांना वाचून दाखविले.