जॅक कर्बी

जॅक कर्बी (मूळ नाव: जेकब कर्ट्झबर्ग, २८ ऑगस्ट १९१७ – ६ फेब्रुवारी १९९४) हे अमेरिकन चित्रकथाकार होते. कॅप्टन अमेरिका, फॅन्टॅस्टिक फोर व हल्क यांचे सहनिर्माते म्हणून ते प्रसिद्ध आहेत. जुन्या कॉमिक्सचे संग्राहक मात्र त्यांच्या १९६०च्या आसपासच्या राक्षसकथांचे अंकही आवर्जून शोधतात.

जीवन

कर्बी यांचा जन्म न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीत, स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार होते. जो सायमन यांच्यासह त्यांनी निर्माण केलेला कॅप्टन अमेरिका १९४१ मध्ये गाजला. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये लढले. तेथे पायांना झालेल्या हिमदंशामुळे त्यांना रुग्णालयात राहावे लागले.

राक्षसकथा

१९५४च्या कॉमिक्स आचारसंहितेने पिशाच्चे, नरवृक आणि चालती प्रेते यांवर बंदी घातली. परग्रहावरील अजस्र प्राण्यांना ती लागू नव्हती. पुढे मार्व्हल झालेल्या प्रकाशनसंस्थेने हीच वाट धरली आणि कर्बी यांनी असे अनेक राक्षस रेखाटले. ‘टेल्स टू अस्टॉनिश’च्या १३व्या अंकात (नोव्हेंबर १९६०) ग्रूट हा वृक्षराक्षस प्रथम आला. तेव्हा तो पृथ्वीवर चालून आलेला खलनायक होता आणि वाळवीने त्याचा पराभव केला. ‘स्ट्रेंज टेल्स’च्या ८९व्या अंकात (ऑक्टोबर १९६१) फिन फँग फूम हा ड्रॅगन अवतरला.

या कथा पाने भरण्यापुरत्या मानल्या जात; हे मत अन्यायकारक आहे. ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या पहिल्या मुखपृष्ठावर जमीन फोडून वर येणारा राक्षस याच परंपरेतला आहे. मे १९६२चा हल्कही तसाच. पहिल्या अंकात तो करड्या रंगाचा होता; छपाईत तो रंग एकसारखा उमटेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला. ती मालिका सहा अंकांतच बंद पडली. आज तिचा पहिला अंक अत्यंत मौल्यवान समजला जातो.

संग्राहक आणि मूळ चित्रे

पात्राच्या प्रथमदर्शनाच्या अंकाला संग्राहक सर्वाधिक किंमत देतात. स्वस्त कागदावर छापलेले हे अंक वाचून टाकून दिले जात, त्यामुळे सुस्थितीतील प्रती थोड्याच उरल्या. १० सेंटचा ग्रूटचा अंक आता प्रतवारी करून प्लॅस्टिकच्या आवरणात बंद केला जातो. म्हणजे तो वाचताही येत नाही.

कर्बी यांना या वाढत्या किमतीतून काही मिळाले नाही. त्यांना पानामागे मोबदला मिळे आणि हक्क प्रकाशकाकडे राहत. १९८०च्या दशकात मार्व्हलने चित्रकारांची मूळ पाने परत करताना इतरांकडून एक पानी, तर कर्बी यांच्याकडून चार पानी करारावर सही मागितली. हजारो पानांपैकी त्यांना सुरुवातीला केवळ ८८ देऊ करण्यात आली. अनेक सहकारी चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पाने त्यांच्या हाती आली.

कॅलिफोर्नियातील थाउजंड ओक्स येथे त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये ग्रूट चित्रपटातून जगभर पोहोचला. त्याच वर्षी कर्बी यांचे वारस व मार्व्हल यांच्यातील हक्कांचा वाद तडजोडीने मिटला.