मॅक्स स्टायनर

मॅक्सिमिलियन राउल स्टायनर (१० मे, १८८८, व्हिएन्ना – २८ डिसेंबर, १९७१, हॉलिवूड) हे ऑस्ट्रियात जन्मलेले अमेरिकन चित्रपट-संगीतकार होते. पडद्यावरील हालचालींशी संगीतातील आघात नेमके जुळवण्याच्या तंत्राचा त्यांनी बोलपटांत पद्धतशीर वापर केला.

पूर्वायुष्य

स्टायनर यांचे आजोबा व वडील व्हिएन्नातील नामांकित नाट्यव्यवस्थापक होते. तरुणपणी स्टायनर लंडनच्या रंगभूमीवर वाद्यवृंद-संचालक म्हणून काम करू लागले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच ऑस्ट्रियन असल्यामुळे ते तेथे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते अवघ्या ३२ डॉलरांनिशी न्यू यॉर्कला पोहोचले. ब्रॉडवेवर सुमारे १५ वर्षे काम केल्यानंतर १९२९ मध्ये ते हॉलिवूडच्या आरकेओ या चित्रपटसंस्थेत रुजू झाले.

किंग काँग

आरंभीच्या बोलपटांत पार्श्वसंगीत क्वचितच असे. वादक दिसत नसताना संगीत कोठून येते, असा प्रश्न प्रेक्षकांना पडेल, अशी निर्मात्यांची धारणा होती. ‘किंग काँग’साठी (१९३३) नवे संगीत करण्याचा खर्च टाळण्याकडे आरकेओच्या व्यवस्थापनाचा कल होता, मात्र निर्माते मेरियन कूपर यांनी तो भार स्वतः उचलण्याची तयारी दाखवली. चित्रपटातील महाकाय वानर म्हणजे एकेक चौकट टिपून हलता केलेला पुतळा होता. तो प्रेक्षकांना खरा वाटण्यात संगीताचा मोठा वाटा होता. टोळीप्रमुख पायऱ्या उतरतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर वाद्यवृंदाचा एकेक आघात येतो.

कार्यपद्धती

बोलपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या ठरावीक वेगाने धावत असल्याने प्रत्येक हालचालीची वेळ मोजता येते. त्या नोंदींच्या आधारे संगीतलेखन होई. ध्वनिमुद्रणाच्या वेळी लय ढळू नये म्हणून ‘क्लिक ट्रॅक’ वापरला जाई. फितीला ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून निर्माण केलेले टकटक आवाज संचालकाला कानयंत्रातून ऐकू येत. दर १२ चौकटींना एक ठोका दिल्यास मिनिटाला १२० ठोके पडतात. ‘द इन्फॉर्मर’ (१९३५) मध्ये कोठडीत ठिबकणारे पाणी संगीताच्या लयीत पडावे, यासाठी स्टायनर यांनी पाण्याची टाकी नियंत्रित करण्याचे प्रयोग केले. या चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर पुरस्कार मिळाला.

टीका आणि वारसा

डिस्नेच्या व्यंगपटांवरून या तंत्राला ‘मिकी माउसिंग’ असे काहीसे उपहासात्मक नाव पडले. दृश्यात दिसणारी गोष्टच संगीत पुन्हा सांगते, असा त्यावर आक्षेप आहे. स्टायनर यांचे कार्य मात्र एवढ्यापुरते मर्यादित नव्हते. पात्रांना व भावनांना स्वतंत्र सुरावट देण्याची पद्धतही त्यांनी अवलंबली. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) हे तिचे ठळक उदाहरण होय. ‘नाऊ, व्हॉयेजर’ (१९४२) आणि ‘सिन्स यू वेंट अवे’ (१९४४) या चित्रपटांसाठीही त्यांना ऑस्कर मिळाले. उत्तरायुष्यात दृष्टी अधू झाली असतानाही १९६५ पर्यंत ते चित्रपटांना संगीत देत राहिले.