विश्लेषण : कुमार गंधर्वांचे गाणे वाचवणारे इंजेक्शन कोणते होते?

नवी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत गंभीर जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शने आजही दिली जातात. अमिनोग्लायकोसाइड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या औषधांतले पहिले म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. त्यानेच पंडित कुमार गंधर्वांना मैफलीत परत आणले. पण गायकासाठी ते जोखमीचे औषध होते.

आजार कसा जडला?

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका ते बालवयातच हुबेहूब गात. कुमार गंधर्व ही उपाधी त्यांना तेव्हाच मिळाली. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे ते शिकले आणि विशीतच नावारूपाला आले. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला. त्याच सुमारास क्षयाचे निदान झाले. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये हे दाम्पत्य माळव्यातल्या देवासला गेले.

तेव्हा क्षयावर विश्रांती, हवापालट आणि चांगला आहार एवढेच बहुतेकांच्या हाती होते. कुमारजी काही वर्षे अंथरुणावर होते. गळा बंद, कान मात्र उघडे. खिडकीतून माळव्याची लोकगीते ऐकू येत. त्यांच्या पुढच्या गाण्याची बरीचशी शिदोरी इथली आहे.

औषध काम कसे करते?

ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याला मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. जिवाणूच्या पेशीत प्रथिने बनवणारा रायबोसोम नावाचा कारखाना असतो. हे औषध त्याला चिकटते. मग प्रथिने चुकीची बनतात आणि जिवाणू मरतो. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, म्हणून गोळी नाही, सुईच. शिवाय एकटेच दिले तर क्षयाचे जंतू काही महिन्यांत त्याला दाद देईनासे होतात. त्यामुळे सोबत दुसरे औषध द्यावे लागते.

कुमारजींना हे औषध १९५२ च्या सुमारास मिळू लागले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधील उत्पादन अजून दूर होते. भानुमतींची शुश्रूषाही तितकीच मोलाची ठरली. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गायले.

धोका कोणता होता?

ही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात आणि त्यालाच इजा करू शकतात. आतल्या कानातही ती साचतात. तिथल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिनने बहुधा तोल जातो, पण ऐकणेही जाऊ शकते. अमिकासिनचा रोख ऐकण्यावर अधिक. म्हणूनच आज डॉक्टर वजन आणि क्रिएटिनिन पाहून मात्रा ठरवतात. कानात आवाज येणे किंवा चक्कर येणे ही लक्षणे ताबडतोब सांगायची असतात. क्षयाच्या नेहमीच्या उपचारातून तर ही सुई आता जवळपास गेलीच आहे. सुरांवर जगणाऱ्या माणसाने त्या काळी हे औषध घेतले आणि त्याचे कान शाबूत राहिले, हे आपलेही नशीब.

गाणे बदलले का?

एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. लांब दमसास उरला नाही. छोट्या, धारदार स्वरवाक्यांची त्यांची गायकी त्यातून आली, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे वाटते. श्वास तोकडा होता, पण कुठे थांबायचे हे ठरवणारी बुद्धी फुप्फुसात नसते. निर्गुणी भजने, लोकधुनांतून उगवलेले नवे राग आणि १९६५ चा अनूपरागविलास हे सारे आजारानंतरचे. १९६१ मध्ये भानुमती गेल्या. नंतर वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि मैफलीतही त्यांची साथ लाभली. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच कुमारजींचे निधन झाले. त्या इंजेक्शनांनंतर ते जवळपास चार दशके गायले होते.