त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा : नागरी हक्कांचे गोमंतकीय पुरस्कर्ते

सासष्टीतील चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर. या गावी २ एप्रिल १८९१ रोजी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचा जन्म झाला. पणजीचे शिक्षण आटोपून ते पाँडिचेरीस गेले आणि तेथून पॅरिसला. सॉरबॉन विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास केला. परंतु मन रमले ते लेखणीत. ब्रिटिश सत्तेचे खरे स्वरूप आणि गांधीजींचे आंदोलन त्यांनी फ्रेंच नियतकालिकांतून युरोपीय वाचकांपुढे मांडले.

१९२६ साली ते गोव्यात परतले. त्याच वर्षी लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. १९१० च्या प्रजासत्ताकाने गोमंतकातील हिंदूंनाही समान नागरिकत्व दिले होते. त्या मोकळ्या हवेत येथील मराठी वृत्तपत्रे आणि वाचनसंस्था बहरल्या. ती हवा आता कोंडू लागली. १९२८ मध्ये कुन्हांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली व कलकत्ता अधिवेशनाच्या वेळी ती राष्ट्रीय सभेशी जोडून घेतली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकरांचा दर्जा हीन ठरविला. पुढे सालाझारच्या राजवटीत मुद्रणपूर्व तपासणीशिवाय ओळ छापता येईना व परवानगीवाचून सभा भरविता येईना. त्यातच १९३४ साली राष्ट्रीय सभेने ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरील समित्यांशी असलेले नाते तोडले. घटनेच्या दृष्टीने तो निर्णय समर्थनीय असेलही. गोमंतकीयांच्या दृष्टीने मात्र तो निष्ठुर होता.

आसामच्या चहामळ्यांवर गोव्यातील गरीब मजूर पाठविले जात, त्याविरुद्धही कुन्हांनी आवाज उठविला. मताचा हक्क आणि मजुराचा हक्क ते वेगळे मानीत नसत. १९४४ च्या त्यांच्या पुस्तिकेत गोवेकरांच्या अराष्ट्रीयीकरणाची कठोर चिकित्सा आहे. पुढे अनेकांनी ती ख्रिस्ती समाजाला झोडपण्यासाठी वापरली, हे प्रस्तुत लेखकास अन्यायाचे वाटते. कारण ती स्वतःच्याच समाजाविषयीच्या कळकळीतून लिहिलेली आहे.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. तेथून गावोगाव भाषणे होऊ लागली. कुन्हाही पुढे सरसावले व जुलैमध्ये त्यांना अटक झाली. पंचावन्न वर्षांच्या या नागरिकास लष्करी न्यायालयापुढे उभे करण्यात आले. गोव्यात एखाद्या मुलकी माणसावर असा खटला चालण्याची ही पहिलीच वेळ म्हणतात. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. जे बोलण्याची मनाई होती ते ते बोलले, एवढाच गुन्हा. शिक्षा आठ वर्षांची झाली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात झाली. सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही तेथेच खितपत पडत, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. लिस्बनच्या नागरिकाला नाकारलेला हक्क मडगावच्या नागरिकाला मिळणार तरी कोठून?

१९५० मध्ये सुटका झाली, पण देश सोडण्याची मुभा मिळाली नाही. १९५३ मध्ये पाळत चुकवून ते पॅरिसला निसटले आणि मुंबईत पोहोचले. तेथे ‘फ्री गोवा’ हे इंग्रजी पत्र काढून त्यांनी गोव्याचा प्रश्न जगापुढे नेला. पोर्तुगालने १९५१ सालीच आपल्या वसाहतींना सागरपार प्रांत असे नाव दिले होते. तेव्हा स्वयंशासनाचा प्रश्नच उरत नाही, असा त्याचा दावा होता. हा शब्दच्छल संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये ठरावाने फेटाळला. स्वयंशासन नसलेल्या पोर्तुगीज प्रदेशांच्या यादीत तिने गोव्याचेही नाव घातले.

कुन्हांना ते पाहावयास मिळाले नाही. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये गोमंतकीयांनी प्रौढ मताधिकाराने आपली पहिली विधानसभा निवडली. १९८६ मध्ये त्यांच्या अस्थी पणजीस आणण्यात आल्या. आझाद मैदानावरील स्मारकात त्या आहेत.