लूथरच्या घरांतील लेंकरें

मंडळींतील एखाद्या घरीं मूल जन्मास आलें म्हणजे शेजारीपाजारी जमतात, गूळ वांटला जातो, बाप्तिस्म्याच्या दिवशीं गीतें होतात व पंगती उठतात. हा आनंद योग्यच आहे. परंतु पंगती उठून गेल्यावर त्या लेंकराचें मंडळीनें खरोखर स्वागत केलें कीं नाहीं, हें कशावरून ओळखावें? ह्या प्रश्नाचा विचार करितांना आम्हांस मार्टिन लूथर ह्याचें चरित्र फार उपयोगी वाटतें. लूथर म्हटला म्हणजे पोपाशीं झगडणारा व बादशहापुढें न डगमगणारा धर्मसुधारक वाचकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. तो सहा लेंकरांचा बापही होता, इकडे मात्र पुष्कळांचें लक्ष जात नाहीं. आज आम्ही त्या बापाची हकीकत सांगणार आहों.

लूथरचा जन्म जर्मनी देशांतील आइस्लेबेन गांवीं ता. १० नोव्हेंबर १४८३ रोजीं झाला. दुसऱ्याच दिवशीं त्याचा बाप्तिस्मा झाला. तो संत मार्टिनाचा सण असल्यामुळें मुलाचें नांव मार्टिन ठेविलें. बाप हान्स हा खाणींच्या धंद्यांत कष्ट करून वर आलेला मनुष्य होता. आईबापांचें मुलावर प्रेम होतें, पण शिस्त फार कडक. एका क्षुल्लक फळासाठीं आईनें आपणांस रक्त येईपर्यंत मारिलें, आणि शाळेंत एकाच सकाळीं आपणांस पंधरा वेळां छड्या बसल्या, असें तो पुढें सांगत असे. धाकांत वाढलेल्या ह्या मुलास देवही कठोर न्यायाधीशासारखाच वाटे. त्या भीतीनेंच त्यानें १५०५ सालीं बापाच्या इच्छेविरुद्ध मठाची वाट धरिली. तेथें शास्त्राचें मनन करितां करितां देव हा कृपाळू पिता आहे व त्याची कृपा केवळ विश्वासानें लाभते, हें त्यास उमगलें. १५१७ सालचे त्याचे सुप्रसिद्ध प्रबंध, १५२१ सालची वॉर्म्स येथील राजसभा, आणि १५२२ सालीं छापून निघालेला जर्मन नवा करार, ह्या गोष्टी वाचकांस ठाऊक आहेत. त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, ज्यास स्वर्गीय पिता सांपडला, त्यास आतां स्वतः बाप होण्याचें शिकावयाचें होतें.

१५२३ सालीं ईस्टरच्या सुमारास कांहीं मठवासिनी मासळीच्या एका व्यापाऱ्याच्या गाडींतून लपून मठाबाहेर पडल्या व त्यांपैकीं नऊजणी विटेनबर्ग शहरीं आल्या. त्यांत काथारीना फोन बोरा ही होती. ता. १३ जून १५२५ रोजीं तिचा व लूथरचा विवाह झाला. त्या वेळीं तो ४१ वर्षांचा व ती २६ वर्षांची होती. ज्या ओसाड मठांत तो पूर्वीं एकटा राहत असे, त्याच मठांत त्यांचा संसार सुरू झाला. काथारीना मोठी कर्तबगार स्त्री होती. बाग, गुरें, डुकरें, मासळीचें तळें, भोजनास बसणारे विद्यार्थी व अचानक येणारे पाहुणे ह्या सर्वांचा भार तिच्या शिरावर असे.

त्या काळीं मठांतील ब्रह्मचर्य हेंच पवित्र जीवन व संसार हें हलकें काम, अशी समजूत रूढ होती. विवाहापूर्वीं तीन वर्षें लूथरनें विवाहावर एक निबंध लिहिला होता. त्यांत त्यानें असें दाखविलें कीं, बाप विश्वासानें आपल्या बाळाचीं घाण झालेलीं दुपटीं धूत असतां जग त्यास हंसलें, तरी देव व देवदूत त्याच्या कामानें संतोष पावतात. पुरुषानें असलें काम करणें म्हणजे कमीपणा, असें मानणाऱ्या प्रत्येक काळास हा टोला आहे.

ता. ७ जून १५२६ रोजीं पहिला मुलगा जन्मला. ह्या जन्माकडे सर्वांचे डोळे लागले होते, कारण संन्यासी व संन्यासिनी ह्यांच्या पोटीं ख्रिस्तविरोधी जन्मेल, अशी कंडी लोकांनीं पिकविली होती. झालें तें एक सुदृढ, रडणारें, भुकेलें लेंकरूं! त्याच दिवशीं त्याचा बाप्तिस्मा होऊन त्याचें नांव योहान ठेविलें. घरीं त्यास हान्स म्हणत. प्रसिद्ध चित्रकार लूकास क्रानाख हा त्याच्या धर्मपित्यांपैकीं एक होता, आणि क्रानाखाच्या एका कन्येचा धर्मपिता स्वतः लूथर होता. ह्याप्रमाणें एकाचें मूल दुसऱ्याच्या प्रार्थनेंत बांधलें जाई, व शेजाराचें नातें मंडळीचें नातें होई.

बाप्तिस्म्याच्या विधीविषयीं लूथरची कळकळ मोठी होती. पूर्वीं तो विधि लॅटिन भाषेंत होई. आईबाप व धर्ममातापिता ऐकत, पण त्यांस अर्थ कळत नसे. लूथरनें १५२३ सालीं तो लोकभाषेंत आणिला व १५२६ सालीं अधिक सोपा केला. प्रभूनें बालकांस जवळ घेऊन आशीर्वाद दिला, तो मार्काच्या शुभवर्तमानांतील भाग त्या वेळीं वाचला जाई. प्रस्तावनेंत त्यानें स्पष्ट बजाविलें आहे कीं, धर्मपिता म्हणून उच्छृंखल मनुष्य उभा करूं नये. सदाचारी व गंभीर मनाचा, मुलासाठीं अंतःकरणापासून प्रार्थना करणारा मनुष्य असावा. त्याच्या मतें बाहेरील शोभा ही किरकोळ गोष्ट होती. सर्व जमलेल्यांनीं त्या लेंकरासाठीं एकमनानें प्रार्थना करावी, हें मुख्य होतें.

पुढच्याच वर्षीं ह्या घराची कसोटी लागली. १५२७ सालीं विटेनबर्गांत मरी आली. विद्यापीठ दुसऱ्या गांवीं हलविलें, परंतु लूथर व तेथील पाळक बुगेनहागेन हे आजाऱ्यांस सोडून गेले नाहींत. लूथरचें घर म्हणजे जणूं इस्पितळच झालें. अशा स्थितींत ता. १० डिसेंबर रोजीं एलिझाबेथ ही कन्या जन्मली. ती आठ महिन्यांचीही झाली नाहीं, तोंच ता. ३ ऑगस्ट १५२८ रोजीं वारली. बादशहापुढें न हललेला हा पुरुष त्या तान्ह्या मुलीसाठीं इतका व्याकूळ झाला कीं, लेंकरांसाठीं बापाचें काळीज एवढें कोमल होत असेल असें आपणांस पूर्वीं वाटलें नव्हतें, अशा अर्थाचें त्यानें एका मित्रास लिहिलें. मुलगी गेली म्हणून कोणी एवढें रडतें काय, असें विचारणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

त्याच सुमारास साक्सनी प्रांतांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्या तपासण्याचें काम चालू होतें. खेड्यांतील लोकांस दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना देखील येत नाहीं, आणि कित्येक पाळकही शिकविण्यास असमर्थ आहेत, हें पाहून लूथर कष्टी झाला. १५२९ सालीं त्यानें लहान प्रश्नोत्तरावली प्रसिद्ध केली. ती विद्वानांसाठीं नव्हती; घरच्या कर्त्यानें आपल्या मुलांमाणसांस साध्या रीतीनें कसें शिकवावें, हें तींत दाखविलें आहे. सकाळ-संध्याकाळच्या व जेवणाच्या वेळच्या प्रार्थनाही तींत आहेत. सकाळची प्रार्थना झाल्यावर गीत गाऊन आनंदानें कामास लागावें, असेंही त्यानें सांगितलें. बाप्तिस्म्याच्या दिवशीं मंडळी जें वचन देते, तें रोज चुलीजवळ कसें पाळावें, ह्याचें हें लहानसें पुस्तकच होय. त्याचा प्रसार पुढें अनेक देशांत व अनेक भाषांत झाला.

१५३० सालीं लूथरला कांहीं महिने कोबुर्गच्या किल्ल्यांत राहावें लागलें. काथारीनेनें त्यास एक वर्षाच्या मागदालेना नामक कन्येचें चित्र पाठविलें, तें त्यानें भिंतीवर लाविलें. तेथूनच त्यानें चार वर्षांच्या हान्सला पत्र लिहिलें. त्यांत एका सुंदर बागेचें वर्णन आहे. जीं मुलें प्रार्थना करितात, शिकतात व चांगलीं वागतात, तीं त्या बागेंत सोनेरी अंगरखे घालून झाडांखालचीं फळें वेंचतात, आणि त्यांच्यासाठीं सोन्याचे लगाम व रुप्याचीं खोगिरें असलेले लहान घोडे तयार असतात. आणखी गंमत अशी कीं, हान्सचे दोन बाळमित्र व त्याची लाडकी आजीमावशी ह्यांनाही त्या बागेंत येण्याची मोकळीक आहे! आपलें एकट्याचें मूल स्वर्गांत नेऊन बसविणें लूथरला कसें रुचावें? सवंगड्यांवांचून लेंकरांस कोणती बाग गोड लागेल?

तो शिस्त सोडणारा बाप नव्हता. एकदां मोठी चूक केल्यामुळें त्यानें मुलास तीन दिवस आपणापुढें येऊं दिलें नाहीं. पण स्वतःच्या बाळपणाची आठवण त्यास असे. म्हणून छडीजवळ सफरचंदही ठेवावें, असा त्याचा उपदेश होता. शिक्षेनें मूल भित्रें होऊन आईबापांपासून दुरावूं नये, हें त्यानें आपल्या अंगावरच्या वळांवरून शिकलें होतें.

नाताळाचा सण ह्या घरीं मोठ्या आनंदानें होई. जन्मदिवसाच्या आदल्या रात्रीं मुलांस म्हणतां यावें म्हणून त्यानें देवदूताच्या तोंडीं घालून एक गीत रचिलें. तें १५३५ सालीं छापलें गेलें. त्या काळीं तरुण मंडळी खेळांत एक लौकिक गाणें म्हणत. त्याचीच धाटणी त्यानें ह्या गीतास घेतली. देवदूत बातमी आणितो, आणि मग मुलें गोठ्याजवळ जाऊन बाळास पाहतात, असा त्याचा क्रम आहे. लूथरनें नाताळाच्या झाडावर पहिले दिवे लाविले, अशी कथा पुष्कळ ठिकाणीं सांगतात. परंतु तिला त्याच्या काळचा आधार नाहीं, ती चित्रें पुष्कळ पुढच्या काळचीं आहेत. गीताची गोष्ट मात्र खरी आहे, आणि गरिबाच्या घरींही झाडापेक्षां गीत सहज आणितां येतें.

हान्स, एलिझाबेथ व मागदालेना ह्यांच्यामागून मार्टिन, पाऊल व मार्गारेथा अशीं आणखी तीन मुलें झालीं. ह्यांशिवाय लूथरच्या नातलगांचीं पोरकीं मुलेंही त्याच्या घरीं वाढलीं. ज्यांच्या जन्मदिवशीं ह्या घरांत पंगत उठली नव्हती, त्यांनाही येथें ताट मिळालें. गांवोगांवच्या मुलांची काळजीही त्यास होती. १५२४ सालीं त्यानें जर्मनीच्या नगरसभांस पत्र लिहून शाळा काढण्याचा आग्रह केला. मुलगे रोज एकदोन तास व मुली निदान एक तास शाळेंत जाऊं शकतील, आणि उरलेला वेळ घरचें काम शिकतील, असें त्यानें दाखविलें. मुलें कामाला लागतात, शाळेस वेळ कोठून आणावा, ही तक्रार तेव्हांही होती. तिला त्यानें सुमारें पांचशें वर्षांपूर्वींच उत्तर देऊन ठेविलें.

आतां आम्ही ह्या चरित्रांतील सर्वांत कोमल भागाकडे येतों. ज्या बाळांचा बाप्तिस्मा होण्यापूर्वींच मृत्यु होई, त्यांस स्वर्गाचें दार बंद, अशी जुनी शिकवण होती. कित्येक ठिकाणीं त्यांस मंडळीच्या स्मशानभूमींतही जागा मिळत नसे. आयांचें दुःख त्यामुळें दुप्पट होई. लोकही आईलाच दोष देत. १५४२ सालीं लूथरनें अशा आयांच्या सांत्वनासाठीं एक लहान लेख लिहिला. ज्या आईकडून हयगय झाली नाहीं, तिला दोष देऊन आणखी दुखवूं नये. बाळाला प्रभूच्या हवालीं करावें ही तिच्या मनांतील तळमळ व तिचे उसासे ह्यांनाच देव प्रार्थना म्हणून ऐकतो, असें त्यानें समजाविलें. पाण्यापर्यंत न पोंचलेलें तें लेंकरूंही, आईच्या उसाशावर बसून, देवापर्यंत पोंचलें!

त्याच वर्षीं त्याच्या स्वतःच्या घरावर घाला आला. तेरा वर्षांची मागदालेना आजारी पडली. तिचें हान्सवर फार प्रेम होतें, म्हणून लूथरनें गाडी पाठवून त्यास टोर्गाउच्या शाळेंतून आणविलें. बापानें तिला विचारिलें कीं, येथें आपल्या बापाजवळ राहणें तुला आवडेल, आणि तिकडच्या पित्याकडे जाणेंही आवडेल ना. तेव्हां देवाची इच्छा असेल तसें, असें ती म्हणाली. ता. २० सप्टेंबर १५४२ रोजीं बापाच्या हातांवरच तिनें प्राण सोडिला. ती सुखांत आहे हें जाणूनही आपणांस एवढें दुःख व्हावें, ह्याचें त्यास नवल वाटलें. तें दुःख त्यानें लपविलें नाहीं. विश्वास असला म्हणजे रडूं नये असें नाहीं. ज्या मंडळींत बाप मोकळेपणानें रडूं शकतो, ती मंडळी लेंकरांसाठींही घर असते.

लूथरचें सर्वच अनुकरणीय होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. १५२५ सालीं बंडखोर शेतकऱ्यांविरुद्ध व १५४३ सालीं यहूदी लोकांविरुद्ध त्यानें जें क्रूर लिहिलें, तें ख्रिस्ताच्या आत्म्यास धरून नव्हतें, व त्याचीं फळें पुढें फार कडू आलीं. ज्या हातांनीं आपलीं व पोरकीं लेंकरें उराशीं धरिलीं, त्याच हातांनीं दुसऱ्यांच्या लेंकरांचीं घरें मोडण्याचा सल्ला लिहावा, ह्यावरून आपण सर्वांनींच सावध व्हावें. ता. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं, ज्या आइस्लेबेन गांवीं त्याचा बाप्तिस्मा झाला होता तेथेंच, त्याचा अंत झाला.

वाचकहो, आरंभीं विचारिलेल्या प्रश्नाचें उत्तर ह्या घरांत सांपडतें. मूल मंडळींत आलें हें पंगतीवरून ठरत नाहीं. त्याच्यासाठीं उभा राहिलेला धर्मपिता वर्ष उलटल्यावरही त्याचें नांव प्रार्थनेंत घेतो काय? घरचा कर्ता त्याला संध्याकाळीं जवळ बसवून शिकवितो काय? मुलीच्या जन्माला मुलाइतकाच गूळ वांटला जातो काय? पोरक्याला ताट आहे काय? ज्या आईची मांडी रिकामी राहिली, तिच्या दारीं मंडळीचीं पावलें वळतात काय? आमच्या उपदेशक बंधूंस विनंती कीं, पुढच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीं पंगतीची तयारी विचारण्यापूर्वीं त्यांनीं ह्या पांच गोष्टी विचाराव्या. कर्ज काढून पंगत घालण्यापेक्षां रोजची एक प्रार्थना व एक गीत त्या लेंकरास अधिक दिवस पुरेल.