न्यायमूर्ति रानड्यांचें अखेरचें दुखणें

निफाडास १८४२ सालीं जन्मलेले न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांस आयुष्याच्या अखेरीस हृदयशूळानें ग्रासलें. कळा वाढूं लागल्या. कळ शमविणारें अॅमिल नायट्राइट १८६७ पासून डॉक्टरांस ठाऊक होतें. रोग हटविणारें औषध मात्र नव्हतें. उरली विश्रांति, आणि ह्या उद्योगी पुरुषास तीच सर्वांत कडू! १८८७ पासून चालविलेल्या सामाजिक परिषदेस, डिसेंबर १९०० मध्यें लाहोरास, त्यांस जातां आलें नाहीं. भाषण लिहून त्यांनीं गोखल्यांच्या हातीं दिलें. मग न्यायालयांतून रजा घेतली. ती बरें होण्याची कीं निरोपाची, हें कोण सांगणार? पत्नी रमाबाई शुश्रूषेस होत्या. एकोणसाठावें वर्ष पुरें होण्यास दोन दिवस उरले असतां, १६ जानेवारी १९०१ च्या रात्रीं, आपल्या उरणासमोरच्या मुंबईंत, पुन्हां कळ उठली, ती शेवटची.